शब्दचर्चा: ‘ताण आहे का?’ विचारलं की पेशंट ‘नाही’ म्हणतो

रातपाळी
मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, म्हणजे साध्या भाषेत सिस्टर. सध्या मनोविकार ओपीडीत आहे आणि नवीन मुलींना पेशंटशी बोलायला शिकवायचं कामही माझ्याकडेच आलंय. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न छापलाय, ‘आपणांस मानसिक ताणतणाव जाणवतो का?’ मागच्या आठवड्यात एका मुलीने तो एका मावशींना जसाच्या तसा वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, ‘नाही बाई, ताण कसला?’ मुलीने ‘नाही’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेली.

मी मध्ये पडून विचारलं, ‘मावशी, जेवण जातंय का?’ तर म्हणतात, ‘घास तोंडातच फिरतोय. पोरगा गेल्यापास्नं जिवाला घोर लागलाय. डोळ्याला डोळा नाही.’ माझ्या विद्यार्थिनीने लगेच वहीत लिहिलं, मुलगा वारला. मुलगा भिवंडीला कामाला गेलाय, फोन उचलत नाही, एवढंच होतं.

तर मला दोन गोष्टी हव्या आहेत. ताण, तणाव, दडपण, चिंता, काळजी, घोर, टेन्शन यांत नेमका फरक काय? आणि ताण आल्यावर माणूस तो कसा पेलतो, या प्रश्नाला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकात ‘समायोजन यंत्रणा’ लिहिलंय. ते मी कुठल्याही मावशीला विचारू शकत नाही.

कोशातला किडा
‘ताण’चं मूळ ‘तन्’, म्हणजे ताणणे, पसरणे. विणकराचा ताणा तिथलाच. शाळेत दोरीतलं बलही ‘ताण’च शिकलो. म्हणजे शब्द मुळात वस्तूचा आहे, मनाचा नाही. मनासाठी तो आपण अलीकडे कामाला लावला, बहुधा इंग्रजी पुस्तकांचं मराठी करताना.

गंमत म्हणजे तिकडेही तेच झालंय. हान्स सेल्ये या संशोधकांनी १९३६ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छोटं टिपण लिहिलं. थंडी, इजा, विष, काहीही असो, उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया ठरावीकच येते, असा त्याचा मुद्दा होता. पुढे या सगळ्याला ‘स्ट्रेस’ हे जे नाव पडलं ते धातू आणि पुलांच्या शास्त्रातून उचललेलं. त्या शास्त्रात बाहेरून पडणारा भार आणि त्याने आत होणारा बदल यांना दोन वेगळे शब्द आहेत. माणसाकडे येताना ते एकात एक मिसळले. मराठीत हा गोंधळ तसाच उतरला. ‘नोकरीचा ताण आहे’ म्हणताना ताण बाहेर असतो, ‘मला ताण आलाय’ म्हणताना आत.

आणि घरात ‘ताणून देणे’ म्हणजे मस्त झोपणे! तुमच्या मावशींना ताण आहे, पण ताणून देता येत नाही.

रातपाळी
हा बाहेर-आतचा फरक आमच्या कामाचा आहे. तपासणीत दोन्ही वेगळे लिहावे लागतात, काय घडलं आणि त्याने माणसाचं काय झालं. एकाच घटनेने एक बाई ढासळते, दुसरी तिच्याच शेजारी डबे करून घर चालवते.

वरूडचा बागायतदार
आमच्याकडे ‘ताण’ हा रोजचा शब्द आहे, पण माणसासाठी नाही. आंबिया बहर धरायचा तर थंडीत संत्र्याच्या बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणे म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की फुलं फुटतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. पाणी सोडायला उशीर झाला तर झाड सावरत नाही, फांद्याच वाळतात. आणि ताण बसला की नाही हे झाडाला विचारून कळत नाही, पानाकडं बघून कळतं.

म्हणून आमच्या भागातल्या माणसाला ‘ताण आहे का?’ विचाराल तर तो म्हणेल, यंदा नाही दिला.

रातपाळी
भाऊ, हे मी उद्याच मुलींना सांगणार आहे. पानं बघणं हेच आमचं निम्मं काम. पेशंट खुर्चीत बसायच्या आधी बघायचं. केस विंचरलेत का, नखं कशी आहेत, पदराचं टोक पिळत बसलीय का, प्रश्न तिला विचारला की उत्तर नवरा देतो का. आवाज किती बारीक, उत्तराआधी किती थांबते. नाडी, रक्तदाब, वजन. छातीत धडधड म्हणाली तर थायरॉइड आणि रक्तातलं हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय सगळं मनावर ढकलायचं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण उलटी चूकही खूप होते.

मात्र दुसरा अर्धा भाग सांगणार नाही. नाहीतर उद्या कुणी सासू म्हणेल, ‘सुनेला जरा ताण दिला की फुलते.’

नुकतीच नोकरी लागलेली
टेन्शनवर कुणी बोललंच नाही! तो आता मराठीच शब्द आहे. आमच्या आजीपण म्हणतात. फरक क्रियापदात आहे. टेन्शन देता येतं, घेता येतं, येतं, जातं. ‘तू मला टेन्शन देऊ नको’ हे ‘ताण’ने बोलून बघा, बागेतच जाल.

कोशातला किडा
क्रियापदांचं बरोबर पकडलंत. घोर लागतो, भूक-तहान लागते तसा. दडपण येतं, वरून काही ठेवल्यासारखं. दडपणे म्हणजे दाबणेच. हुरहूर वाटते. धसका बसतो किंवा माणूस तो घेतो. आणि हाय खाल्ली जाते. एवढ्या क्रियापदांत दोष कुणाचा, हे मराठी माणूस नकळत सांगून टाकतो. ‘तिने मनाला लावून घेतलं’ म्हणताना खापर तिच्यावर, ‘तिच्या जिवाला लागलं’ म्हणताना नाही. सिस्टर, नातेवाईक यातलं कुठलं वाक्य बोलतात हे टिपत जा.

उमरग्याचा
धसक्यावर एक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली. मी लहान होतो. आमची आजी त्यानंतर कितीतरी वर्षं घरात झोपली नाही, अंगणात पत्र्याच्या आडोशाला झोपायची. ट्रक गेला, भांडं पडलं, की दचकून उभी. घरात सगळे म्हणायचे, ‘म्हातारीनं धसका घेतलाय.’ आणि शेजारचे एक काका होते, घरातली तीन माणसं गेलेली. ते दचकत नव्हते. ते हळूहळू बोलायचेच बंद झाले, जेवण कमी, दोन वर्षांत गेले. त्यांच्याबद्दल म्हणायचे, ‘हाय खाल्ली.’ दोन्ही भूकंपानेच, पण गावाने शब्द दोन वापरले.

रातपाळी
तुम्ही काय दिलंत तुम्हाला माहीत नाही. आमच्या पुस्तकात हे दोन वेगळे धडे आहेत. पहिल्यात दचकणं, झोप उडणं, ती जागा टाळणं, प्रसंग परत परत समोर येणं. दुसऱ्यात भूक, झोप, रस, बोलणं यांचं आटत जाणं. नातेवाईक ‘धसका’ म्हणाले तर मी आता दचकण्याबद्दल विचारेन, ‘हाय’ म्हणाले तर जेवणाबद्दल आणि जगण्याच्या इच्छेबद्दल. अर्थात शब्दावरून निदान नाही करायचं, पुढचा प्रश्न ठरवायचा.

चिंतेच्या बाबतीत हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने चार पायऱ्या सांगितल्या, सौम्य, मध्यम, तीव्र आणि शेवटची पॅनिक. आमच्याकडे त्या पाठ करून घेतात. मला त्यातला कामाचा भाग हा वाटतो: पहिल्या पायरीवर माणूस उलट जास्त सावध असतो, नीट ऐकतो. वर चढत गेलं की त्याला दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींचा घेर आवळत जातो, आणि शेवटी समोरचं बोलणंच पोचत नाही. तिथे लांब समजावणं फुकट. ‘मी इथे आहे. बसा. माझ्याकडे बघा.’ एवढंच. पॅनिकला मराठी शब्द मला ‘गाळण उडणे’ आवडतो. ‘पाचावर धारण बसणे’ही आहे, पण त्यात चेष्टेचा सूर येतो.

कोशातला किडा
‘चिंता’ आणि ‘चिंतन’ एकाच धातूचे. मूळ अर्थ विचार करणे. गावाकडे ‘तिला विचार लागलाय’ म्हणतात ते याच वाटेने. ‘काळजी’ मात्र दुहेरी आहे. काळजी करणारा वेगळा, काळजी घेणारा वेगळा. पेशंटचं दुखणं आणि तुमची नोकरी, दोन्ही एकाच शब्दात.

रातपाळी
म्हणूनच ‘मनात विचार येतात का?’ हा प्रश्न मी बंद केलाय. सगळेच हो म्हणतात. ‘कानात आवाज येतात का?’ यालाही. एका आजोबांनी शेजारच्या मंगल कार्यालयाची तक्रार सांगितली. आता विचारते, ‘आजूबाजूला कुणी नसताना कुणी बोलल्यासारखं ऐकू येतं का?’ त्यातही अंगात येतं असं घरचे म्हणाले तर घाई करत नाही. कधी येतं, ओसरल्यावर माणूस नेहमीसारखा होतो का, गावाला ते नेहमीचं वाटतं की या वेळी गावही घाबरलंय, हे विचारते.

जुना मास्तर
म्हणींवरून परीक्षा घेतात असं ऐकलंय, खरं का?

रातपाळी
खरं आहे. शब्दामागचा अर्थ पकडता येतो का ते बघायला म्हण विचारतात. मी ‘नाचता येईना अंगण वाकडं’ विचारते. एका शेतकरी काकांनी फार गंभीरपणे सांगितलं, ‘सारवताना उतार नीट काढला नसेल.’ विद्यार्थिनी दोष लिहायला निघाली. मी थांबवलं, काकांचे डोळे हसत होते. तारतम्य बघायला तर अजून ‘रस्त्यात पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सापडलं तर काय कराल?’ असं विचारतात. वीस वर्षांच्या मुलाने पोस्टाची पेटी कुठे बघितलीय?

अजून एक छळ म्हणजे ‘इनसाइट’. विद्यार्थिनी ‘अंतर्दृष्टी’ लिहितात. वाचून वाटतं पेशंट हिमालयातून आलाय. मी ‘आजाराची जाण’ लिहायला सांगते.

आशाताई
मी पाड्यावर काम करते. आम्हालाही नैराश्य तपासायचे ते नऊ प्रश्न देतात, पीएचक्यू-९. उत्तरं चार, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. ० ते ३ मार्क, एकूण २७. पण ‘गेल्या दोन आठवड्यांत’ म्हटलं की बाया गोंधळतात. मी म्हणते, ‘मागच्या दोन बाजारांपासून.’ आमचा बाजार शनिवारी. मग लगेच आठवतं, कुठल्या बाजाराला गेली, कुठल्या बाजाराला उठवलंच नाही. ‘निम्म्याहून जास्त’ला मात्र मला अजून शब्द सापडलेला नाही.

रातपाळी
ताई, दोन बाजार! हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगणार नाहीत. बाळंतिणींसाठी १९८७ पासून एडिनबर्गचे दहा प्रश्न वापरतात, त्यात गेल्या सात दिवसांचं विचारायचं असतं, तिथे एकच बाजार धरा. त्यातला पहिला प्रश्न हसण्याचा आहे, गोष्टींतली गंमत दिसते का अशा अर्थाचा. सव्वा महिन्यात, अंधाऱ्या खोलीत, डोक्याला फडकं बांधून बसलेल्या पोरीला हे विचारलं की ती आईकडे बघते. मी विचारते, ‘बाळ बघून हसू येतं का गं? आणि कुणी विनोद केला तर?’ दोन्हींची उत्तरं कधी कधी वेगळी येतात.

नुकतीच नोकरी लागलेली
आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न, जीव देण्याच्या विचारांचा? तो विचारायला भीती नाही वाटत?

रातपाळी
सुरुवातीला वाटायची. मग मराठीत आडवळण शोधायचं, ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हा शब्दप्रयोग मी सोडला. ‘बरंवाईट होणं’ म्हणजे अपघातही, आजारपणही. एका काकूंनी ‘हो, देव न करो’ म्हटलं, त्या नवऱ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. आता एका पायरीने सुरू करते, ‘जगून काय करायचं असं वाटतं का?’ हो म्हणाली की सरळ, ‘स्वतःला संपवावं असा विचार येतो का? कसं, ते ठरवलंय का? ती वस्तू घरात आहे का?’ विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय. बहुतेकींच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला दिसतं. इथे शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं की बाकीचा फॉर्म बाजूला, पेशंटला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना बोलवायचं. घरी गेलेल्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून देते. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि आपल्या चर्चेच्या शब्दाचा इथे कायद्याशीही संबंध आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होती असं धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. वॉर्डात मात्र अजून कुणी कुणी ‘केस’ म्हणून डोळे वटारतं. मला त्याचा राग येतो.

जुना मास्तर
तुमचा दुसरा प्रश्न राहिला. पेलण्याला काय म्हणायचं? माझ्या मते ‘निभावणे’. ‘सोसणे’ नको. सोसण्यात माणूस फक्त खातो, निभावण्यात काहीतरी करतो. ‘आत्तापर्यंत कसं निभावलंत?’ विचारून बघा.

रातपाळी
विचारलं, सर. आज सकाळीच. भिवंडीवाल्या मावशी परत आल्या होत्या. म्हणाल्या, ‘निभावते कसली. जात्यावर बसायची पूर्वी, ओव्या म्हणायची, जीव हलका व्हायचा. आता गिरणी. आता नुसती बसते.’ मी विचारलं, ‘कुणाजवळ बोलता का?’ तर म्हणतात, ‘तुमच्याजवळच की.’ मुलाचा फोन लागला होता, पण झोप अजून नाही. म्हणजे प्रकरण फोनपुरतं नव्हतं.

केसपेपर इंग्रजीत लिहायचा असतो. त्यांचे शब्द अवतरणात मराठीतच ठेवले आणि खाली इंग्रजी लिहिलं. डॉक्टरांनी काही म्हटलं नाही, वाचून मावशींना जात्याबद्दल विचारलं. ‘घोर’चं जमलं, ‘डोळ्याला डोळा’चंही जमलं. जाताना त्या म्हणाल्या, ‘घरात करमत नाही बाई.’ तिथे मी अडकलेय. कंटाळा नाही, दुःख नाही, एकटेपणाही पूर्ण नाही. ‘करमत नाही’च्या खालच्या ओळीत काय लिहू?

कोशातला किडा
ती ओळ कोरी ठेवा. संध्याकाळपर्यंत काही सुचलं तर सांगतो.