मदत हवी आहे : फियाट गरम झाली की बंद पडते, रविवारी रामटेकला जायचं आहे

धरमपेठकर
मंडळी, लवकर सांगा. काकांची फियाट आहे. सकाळी एका सेल्फला चालू होते, पण दुपारी वर्धा रोडवर सिग्नलला उभी राहिली की बंद. मग कितीही सेल्फ मारा, काही होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, पैसे घेतले, फरक शून्य. रविवारी बाबांना रामटेकला न्यायचं आहे. बाबा ह्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकले, त्यांना ती पुन्हा एकदा स्वतः चालवायची आहे. दुसऱ्या गाडीने जा असं कृपया कोणी सांगू नका.

वऱ्हाडी_गडी
कोणती फियाट भाऊ? डुक्कर फियाट, डिलाइट की पद्मिनी? साल कोणतं? पेट्रोलच ना? नंतर नंतर डिझेल पण आली होती. आणि बंद पडते म्हणजे आचके देत पडते की खट्कन? एवढं तर सांगा.

जुना_भिडू
व्हेपर लॉक. डोळे मिटून सांगतो. ह्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला असतो. नागपूरचं ऊन, त्यात ट्रॅफिक, पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जातच नाही. ओलं फडकं पंपावर गुंडाळा, पाच-दहा मिनिटांत चालू. आमच्या अम्बॅसेडरच्या डिकीत एप्रिल ते जून पाण्याची कॅन आणि फडकं कायम असायचं.

सदरवाला
अम्बॅसेडरचं नाव निघालंच आहे तर बोलतो. गाड्यांची आवड असलेल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी चालवावी अशी गाडी तीच. १९५७ पासून २०१४ पर्यंत बनली, मागच्या सीटवर चार माणसं ऐसपैस, खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलत नाही. बाबांना ती द्या चालवायला.

वऱ्हाडी_गडी
फियाटचा प्रश्न चालून राहिला ना बाप्पा, अम्बॅसेडर काहून आणली मधात? आणि चालवायला मजा फियाटमध्येच. १०८९ सीसीचं छोटं इंजिन, पण स्टिअरिंगवरचा गिअर एकदा हातात बसला की बोटांनी पडतो. इतवारीच्या गल्लीत अम्बॅसेडर वळवून दाखवा, मग बोलू.

मिहान_एक्सप्रेस
माझ्या मते दोन्ही नाही, पहिली मारुती ८००. १९८३ ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि पेपरवेटसारखी हलकी. आपल्याकडचं ड्रायव्हिंग तिनेच बदललं. माझ्या यादीत त्यानंतर जिप्सी, मग कॉन्टेसा.

कागदपत्र_पाहू
आरसीचं नूतनीकरण झालंय का? खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं. आणि २०२१ च्या नियमात व्हिंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. पण ती केली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. घाईघाईत करू नका.

धरमपेठकर
आरसी ठीक आहे, तो प्रश्नच नव्हता. पद्मिनी आहे, १९८२, पेट्रोल. खट्कन बंद पडते, आचके नाहीत. ओलं फडकं आज करून पाहिलं, जुना_भिडू, काही उपयोग नाही. आज गुरुवार आहे, प्लीज मुद्द्याचं सांगा.

जुना_भिडू
मग फडकं नीट भिजलं नसेल. नाहीतर हे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या रबरी पाइपांना ते सोसत नाही. पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) तपासा.

कॉइल_पॉइंट
जुना_भिडू, पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी आचके देते, मग मरते. खट्कन मरणारी गाडी बहुतेक वेळा स्पार्क गेल्याने मरते. धरमपेठकर, आता बंद पडली की लगेच बॉनेट उघडा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा तो) टोपीतली मधली जाड वायर काढा, कोरड्या फडक्यात गुंडाळून इन्सुलेशनवाल्या पक्कडीने धरा, तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी ठिणगी कडकडली तर स्पार्क आहे, मग पेट्रोलचं बघू. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर कॉइल (ठिणगीसाठी बॅटरीचा व्होल्टेज वाढवते ती) नाहीतर तिच्या जोडीचा कंडेन्सर गेलाय. आणि कॉइल कधी बदलली होती?

धरमपेठकर
कॉइल मागच्या महिन्यात नवीन टाकली, म्हणून लिहिलं नव्हतं. आत्ताच रविनगर चौकात बंद पडली तेव्हा पाहिलं, ठिणगी अजिबात नाही. कॉइलला हात लावला तर चटका बसला.

कॉइल_पॉइंट
नवीन आहे म्हणूनच विचारलं. बाजारात दोन प्रकारच्या कॉइल मिळतात. एक थेट १२ व्होल्टवर चालणारी, तिच्या दोन छोट्या टर्मिनलमधला रेझिस्टन्स साधारण ३ ओहम. दुसरी बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा वेगळा तुकडा) लावून चालवायची, ती दीड ओहमच्या आसपास. दुसरी बॅलास्टशिवाय लावली की दुप्पट करंट खेचते, तापते आणि गरम झाली की स्पार्क सोडते. थंड झाली की पुन्हा शहाणी. तुमच्या तक्रारीत शब्दन् शब्द हेच आहे. वायरी काढून मल्टिमीटर लावा.

धरमपेठकर
१.५ दाखवतोय! बॅलास्ट कुठेच दिसत नाही.

कॉइल_पॉइंट
सापडलं. ३ ओहमवाली घ्या, दुकानात मीटर लावूनच घ्या. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंटही (करंट जोडतात-तोडतात ते) जळलेले असतील, ते आणि कंडेन्सर सोबतच बदला.

जुना_भिडू
तरी पाण्याची कॅन ठेवाच. कन्हानच्या पुढे दुपारी अडकलात तर कळेल.

धरमपेठकर
बदललं. आज भर दुपारी मेडिकल चौकापासून कामठीपर्यंत ट्रॅफिकमधून नेली, एकदाही बंद पडली नाही. कॉइल कोमट आहे, हात ठेवता येतो. कॉइल_पॉइंट, बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. आता एकच सांगा, मंदिराच्या गडाचा चढ बाबांना चालवू द्यायचा का? त्यांना स्टिअरिंगच्या गिअरची सवय राहिलेली नाही.

वऱ्हाडी_गडी
द्या की भाऊ. आधी मनसरपर्यंत सपाट रोडवर हात बसू द्या. चढावर दुसऱ्यात ओढत नसली तर गाडी पूर्ण थांबवून मगच पहिला टाका, चालत्या गाडीत घुसवू नका, दात घासतात. उतरताना न्यूट्रल बिलकुल नाही.

सदरवाला
काका ती गाडी विकणार आहेत का? विकणार असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.