वॉटरबेडवर चादर टिकत नाही, माप आणि शिवण कशी घ्यावी?

मोगरा_७:
घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी रबरी कापडाचा वॉटरबेड आणला आहे. साधी सिंगल चादर (६० × ९० इंच) दोन कुशी बदलेपर्यंत गोळा होऊन पाठीखाली येते. इलास्टिकची घातली तर गादीचे कोपरे वर वळतात. भरलेल्या गादीचं माप ३६ × ७८ इंच, जाडी ५ इंच. शिंप्याला नेमकं काय सांगू?

रात्रपाळी:
माप नंतर. आधी एक गोष्ट पक्की करा, की वॉटरबेडवर चादर ताणून घालायची नाही. पाण्यात अंग थोडं बुडतं आणि भार सगळीकडे वाटला जातो, म्हणून तर ही गादी घेतो. चादर ताणली की तिचा झोळणा होतो. रुग्ण पाण्यावर नाही, कापडावर तोलला जातो आणि माकडहाड, खुबे, टाचा यांवर पुन्हा तोच दाब येतो.

इलास्टिकचंही तेच. कापसाच्या किंवा फोमच्या गादीची कड ताठ असते, ती इलास्टिकला दाद देत नाही. पाण्याला कड कुठली? इलास्टिक चारी बाजू आत ओढतं आणि मधला भाग फुगतो.

पाहणी सोपी आहे. रुग्ण गादीवर नसताना चादर मधोमध चिमटीत धरा. दोन-तीन बोटं सहज वर उचलली गेली पाहिजे.

टीप_उसवण:
सिंगल चादर पुरणारच नाही. ९० इंचांतून ७८ गेले की दोन्ही टोकांना सहा-सहा इंच उरतात. त्यातले पाच जाडीतच जातात, खाली खोचायला एक इंच.

९० × १०८ ची सुती डबल चादर घ्या आणि कापण्याआधी दोनदा धुवा. नवं सुती कापड तीन-चार इंच सहज आटतं. न धुता शिवली तर पहिल्या धुण्यानंतर ती ताणलेलीच बसेल, म्हणजे वर सांगितलेला दोष घरबसल्या तयार.

रुंदीचा हिशेब: ३६, दोन्ही बाजूंची जाडी १०, खाली वळवायला ७ + ७, सैल ठेवायला २, काठ दुमडायला २. एकूण ६४.
लांबी: ७८ + १० + १४ + २ = १०४. इथे चादरीचे तयार काठच वापरा.

कोपरा असा शिवा. काठ दुमडून झाल्यावर प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही काठांपासून १२ इंच आत खूण करा. उलट बाजू बाहेर राहील असा कोपरा तिरका दुमडा, दोन्ही काठ एकावर एक आले पाहिजेत. खुणेपासून काठाकडे सरळ ५ इंच टीप मारा. तिथून टीप ४५ अंशांत गादीच्या मधल्या बाजूला वळवा, ती काठाला ७ इंच अलीकडे भिडेल. आधी कच्चा टाका घालून गादीवर बघा, मगच बाहेरचं कापड कापा. गादीखाली तिकोनी खिसा तयार होतो, इलास्टिक लागत नाही. वळणावर दुहेरी टीप हवीच, उसवतं ते तिथेच.

माप गादी भरल्यावरच घ्या. रिकामी गादी सपाट पसरते म्हणून रुंद दिसते, भरली की आखडते.

सॅनहोजेकर:
अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या वॉटरबेडला चादरीचे कोपरे याच तिकोनी पद्धतीचे मिळतात. तिथे क्वीन गादी ६० × ८४ असते, साधी क्वीन ६० × ८०, त्यामुळे दुकानातली नेहमीची चादर चार इंच तोकडी पडते. काही संचांत पांघरायची चादर पायथ्याशी खालच्या चादरीला शिवलेली असते. रुग्णासाठी ते करू नका, पायाची बोटं दाबली जातात.

मोगरा_७:
भरलेल्या गादीवर हे खिसे चढवायचे कसे? आणि मध्ये प्लास्टिक घातलं तर चालेल का?

रात्रपाळी:
तुमच्या मापाने गादीत २०० लिटरच्या आसपास पाणी असेल, म्हणजे तितकेच किलो. पूर्ण गादी हलवायला जाऊ नका. कोपरा मात्र एका हाताने उचलतो, कारण पाणी मागे सरतं. आधी उशाचे दोन, मग पायथ्याचे. रुग्ण गादीवर असेल तर त्याला कुशीवर घेऊन एक लांब बाजू, मग दुसरी.

प्लास्टिक पूर्ण गादीवर नको, घाम अडकून कातडी भिजते. फक्त कमरेखाली लहान तुकडा, त्यावर आडवी सुती चादर, ओली झाली की लगेच बदलायची. सेफ्टी पिन कुठेच नको, हे सांगायला नकोच. खळही नको. मांजरपाटाची कडक घडीसुद्धा कातडीवर वळ उठवते.

थंडीत पाणी अंगाची ऊब ओढून घेतं. गादी कोमट पाण्याने भरा आणि चादरीखाली एक मऊ, जुनी सुती चादर एकपदरी पसरा. गोधडी नको, तिचे टाके टोचतात. गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचं ब्लँकेट गादीवर अजिबात नाही. आणि चादर कितीही नीट बसली तरी दर दोन तासांनी कूस बदलणं सुटत नाही.

टीप_उसवण:
उरलेल्या पट्टीतून ती आडवी चादर होणार नाही, रुंदी कमी पडेल. उशीचे अभ्रे मात्र होतील. आणि फिटिंग चादरी एकदम तीन शिवून घ्या. एक गादीवर, एक दोरीवर, एक कपाटात. पावसाळ्यात चार.