आकाशातला गोळा किती सेकंद दिसला, कोणाचं खरं धरायचं?

देवगडवाला: काल पहाटे कुणकेश्वरला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) ओढत होते तेव्हा समुद्रावरून हिरवट गोळा गेला, शेवटी त्याचे दोन तुकडे झाले. रापणीवरचे एक काका म्हणतात मिनिटभर तरी होता, माझा चुलतभाऊ म्हणतो दहा सेकंद, काकी म्हणते मी वळून बघेपर्यंत गेला पण. मला नीट नोंद करायचीय, उल्का होती की रॉकेटचा तुकडा हे वेळेवरूनच कळेल ना? सरासरी काढू का?

रत्नागिरीकर: सरासरी अजिबात नको, कारण लोक कमी वेळाची गोष्ट बहुतेक फुगवूनच सांगतात. १९८७ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस (स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ) वगैरेंनी बँक दरोड्याचा ३० सेकंदांचा व्हिडिओ लोकांना दाखवून नंतर विचारलं, तर सरासरी उत्तर अडीच मिनिटांच्या आसपास आलं! त्यामुळे किती सेकंद हे विचारूच नकोस. काकांना त्याच जागी उभं कर, गोळा कुठून निघाला आणि कुठे विझला ते हाताने त्याच स्पीडने दाखवायला सांग आणि तू मोबाइलवर स्टॉपवॉच लाव. दोन-तीनदा कर, आणि प्रत्येकाला वेगळं घे, एकाचं ऐकलं की दुसरा तेच बोलतो.

मालवणचो: पण काका चुकतायत असं आधीच ठरवू नका हां. २ एप्रिल २०२२ ला चिनी रॉकेटचे अवशेष विदर्भावरून जळत गेले, सिंदेवाहीकडे मोठी धातूची रिंग पडली, ते सावकाश जात होतं आणि लोकांनी आरामात व्हिडिओ काढले. असला कचरा सेकंदाला सात-आठ किलोमीटरने जवळजवळ आडवा येतो, उल्का ११ ते ७२ ने. काकांना विचार, कोणाला हाक मारून दाखवायला वेळ मिळाला का?

देवगडवाला: विचारलं. हाक मारली पण बाकीच्यांनी मान वर करेपर्यंत संपलं होतं. हात फिरवून दाखवला तर तिन्ही वेळा चार ते सहा सेकंदच भरले, तरी काका मिनिटावर ठाम! म्हणतात, परत दोर धरला आणि मग गडगडलं.

रत्नागिरीकर: मग ते मिनिट तिथलंच असणार. आवाजाला ३० किलोमीटर यायला दीड मिनिट लागतं, काका बहुतेक गडगडेपर्यंतचा वेळ धरतायत. पाच सेकंद असेल तर उल्काच वाटते. नोंदीत दिसण्याची वेळ वेगळी आणि आवाजापर्यंतची वेगळी लिही, आणि जेटीवर सीसीटीव्ही असेल तर आजच फुटेज माग, थोड्या दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.