चित्रकला की मार्क? तुमचे अनुभव लिहा

खडूवाली
काल लेकीच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला: इंटरमिजिएटचे (चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षा) फॉर्म भरा, दहावीला मार्क वाढतात. ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. आमच्या वेळी सहामाही संपेपर्यंत रंगपेटी बाबांच्या कपाटात कुलूपबंद असायची, आणि चित्रकलेचा तास गणिताच्या बाई पळवायच्या. आता त्याच चित्रकलेसाठी आया धावतायत. तुमच्याकडे काय झालं?

मिसळ_कट
इंटरमिजिएटचं स्थिरचित्र. तांब्या, वांगं, खाली चुरगळलेलं कापड. कापडाच्या चुण्या काढण्यातच वेळ गेला, वांगं राहिलंच. सी 😀

गणितवाल्या_बाई
हजर! तास पळवणारी जमात आमचीच. पण एक सांगते, या परीक्षेतला भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर दिलेली पोरं कंपास नीट धरतात, रचना सुबक काढतात. बीजगणितात मात्र काडीचा फरक दिसला नाही. चित्र चांगलं म्हणजे डोकं तल्लख, हे कुणीतरी उगाच पसरवलंय.

बोरिवली_फास्ट
बाई, सहमत. आमच्या थोरल्याने हृदयाची आकृती अशी काढली की भिंतीवर लावावी. नावं देताना डावी-उजवी अलिंदं उलटी. आकृती छान, मार्क अर्धे.

सांगलीची_सून
धाकटे दीर दहावीला काठावर पास. सासरे वर्षभर बोलले नाहीत. दिरांनी फाउंडेशन (कलाशिक्षणाचं पहिलं वर्ष) केलं, मग जी.डी. आर्ट हा सरकारी डिप्लोमा, कमर्शियल म्हणजे जाहिरातकलेचा. आज घरात सगळ्यात जास्त टॅक्स तेच भरतात. इंग्रजी पत्र आलं की अजून मलाच फोन, "वहिनी, जरा बघता का?"

मिसळ_कट
वहिनी, कामाचे पैसे घेता का?

सांगलीची_सून
दिवाळीला साडी येते. चालतंय.

ताई_तबला
गाण्या-वाजवण्याला पण मार्क आहेत ना? मुलाची संगीताची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झालीये.

गणितवाल्या_बाई
शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, सगळ्याला आहेत. नियम शाळेत विचारा, प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. वेळेत द्या हो, फेब्रुवारीत रडत येतात लोक.

बोरिवली_फास्ट
अवांतर: पोस्टर कलर पार दगड झालेत. टाकू का?

खडूवाली
टाकू नका! थोडं पाणी घालून झाकण लावून रात्रभर ठेवा. पांढरा मात्र नवीनच आणा, तो सगळ्यांचाच आधी संपतो.

बोरिवली_फास्ट
आमच्याकडे आधी काळा संपतो. पोरगं बॅटमॅन सोडून काही काढतच नाही.