सुरक्षा परिषद बदलत नाही, ती व्हेटोमुळेच ना?

कोरडा_ढग:
राज्यसेवेची तयारी करतोय. काल अभ्यासिकेत वाद झाला. माझं म्हणणं सरळ होतं: पाच कायम सदस्यांकडे व्हेटो आहे, त्यांना वाटेकरी नकोत, विषय संपला. शेजारचा म्हणाला, मग १९६५ला परिषद ११ची १५ कशी झाली? मी गप्प. आमच्या सोसायटीत जुनी पाच बिऱ्हाडं पार्किंग सोडत नाहीत आणि नियमही बदलू देत नाहीत. न्यूयॉर्कलाही तेच चालतं असं समजत होतो. कुणी नीट सांगेल का?

वाटाण्याची_उसळ:
नेहरूंनी खुर्ची नाकारली नसती तर हा धागाच निघाला नसता. चालू द्या.

खडूफळा:
ढगा, तुझ्या शेजाऱ्याला माझ्याकडून एक चहा पाज. मी २९ वर्षं मिरजेत नागरिकशास्त्र शिकवलं (म्हणजे इतिहासातून उरलेल्या तासांत, त्या विषयाची पत तेवढीच). तुझंच उत्तर मीही कित्येक वर्षं फळ्यावर लिहून दिलंय, म्हणून जरा लांबण लावते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम १०८ बघ. दुरुस्ती आधी आमसभेत दोन तृतीयांश सदस्यांनी मंजूर करायची. तिथे व्हेटो नसतो. अमेरिकेचं मत एक, मालदीवचंही एक. मग दोन तृतीयांश देशांनी ती आपापल्या घरी मंजूर करून कळवायची, आणि त्यांत पाची कायम सदस्य हवेतच. म्हणजे या पाचांचा पहारा दुसऱ्या दाराशी आहे. आपण पहिल्याच दारात चपला शोधत बसलोय.

परिषदेच्या जागांबाबत ही दोन्ही दारं एकदाच ओलांडली गेली. १७ डिसेंबर १९६३, बाजूने ९७, विरुद्ध ११. पाचांपैकी होकार फक्त चीनचा, तोही तैवानमधल्या तैपेईवाल्या सरकारचा, तेव्हा चीनची खुर्ची त्यांच्याकडे होती. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात, अमेरिका-ब्रिटन तटस्थ. तरी ऑगस्ट १९६५ पर्यंत पाचांनीही मान्यता दिली! आफ्रिका-आशियातले नवे देश एकगठ्ठा उभे होते आणि शीतयुद्धात त्यांना दुखवणं कुणालाच परवडत नव्हतं. अर्थात वाढल्या त्या चार अस्थायी जागा, दोन-दोन वर्षांच्या. कायमच्या पाटांना धक्का लागला नाही.

आता २००५. भारत, जपान, जर्मनी, ब्राझील यांनी मसुदा आणला: परिषद २५ची, त्यात सहा नव्या कायम जागा. नव्यांचा व्हेटो १५ वर्षं बाजूला ठेवायलाही चौघं तयार. पण इटलीला जर्मनी नको, पाकिस्तानला आपण नको. त्यांच्या कंपूला कॉफी क्लब म्हणतात. त्यांचा मसुदा वेगळा, नुसत्या दहा अस्थायी जागांचा. आफ्रिकेचा तिसरा, दोन कायम जागा आणि त्याही व्हेटोसकट. तेव्हा सदस्य १९१, म्हणजे १२८ मतं हवीत, आणि आफ्रिकेकडेच पन्नासावर मतं. ऑगस्टमध्ये अदिस अबाबात आफ्रिकी नेते बसले, व्हेटोची मागणी सोडेनात. अमेरिका आणि चीन विरोधात होतेच, ते काही साधुसंत नव्हेत. पण चौघांचा मसुदा मतदानालाच आला नाही.

त्या वर्षी नववी 'ब'मध्ये मी अभिरूप आमसभा भरवली. ५४ पोरं, ५४ देश, चिठ्ठ्या काढून. मतं हवीत ३६. पाच बड्यांना खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर बसवलं आणि बजावलं, तुमचा एक्का शेवटी. भारत झालेला मुलगा डब्याच्या सुट्टीत मतं गोळा करत फिरला. इटलीच्या वाट्याला आलेली मुलगी प्रत्येकाला एकच विचारायची, "त्याला कायमची, मग मला काय?" आफ्रिकेची पोरं कोपऱ्यात जाऊन वेगळाच कागद लिहून आली. मोजणी झाली: २३. मागे बघते तर पाची जण शेंगा सोलतायत, बाकाखाली टरफलांचा ढीग. अमेरिका विचारते, "बाई, आमचा नंबर कधी?"

टपालपेटी:
बाई, शेंगा झकास, पण व्हेटोला फार सवलत देताय. २५ फेब्रुवारी २०२२ आठवा. युक्रेनवरच्या हल्ल्याचा ठराव, ११ मतं बाजूने, आपण, चीन आणि अमिराती तटस्थ, आणि रशियाच्या एका हाताने सगळं खलास. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच. आरोपीच न्यायाधीश!

खडूफळा:
मान्य, शंभर टक्के. परिषदेचं रोजचं काम व्हेटोच अडवतो. माझा मुद्दा परिषदेची रचना बदलण्याचा होता. आणि त्याच घटनेनंतर एक बारीक सुधारणा झाली बघा. चाळीसेक हजार वस्तीच्या लिश्टेनश्टाइनने पुढाकार घेतला आणि एप्रिल २०२२मध्ये आमसभेने ठरवलं, कुणीही व्हेटो वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभा त्यावर चर्चा घेणार. व्हेटो हटला नाही, पण वापरणाऱ्याबद्दल चारचौघांत बोलणं होणार. सनदेला हात न लावता झालं हे.

उसळभाऊ, भारताला कायम जागा देण्याबद्दल अमेरिकेने १९५०ला चाचपणी केली होती, १९५५ला सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिनही बोलले होते. पण सप्टेंबर १९५५मध्ये नेहरूंनी लोकसभेत सांगितलं की औपचारिक-अनौपचारिक कसलाच प्रस्ताव आलेला नाही. दोन्ही गोष्टी वाचा, मग भांडा. शिवाय कोणी दिली असती तरी कलम १०८ची दोन दारं होतीच.

कोरडा_ढग:
बाई, कलम २३ आत्ता उघडून बघितलं. कायम सदस्यांत अजून "रिपब्लिक ऑफ चायना" आणि "सोव्हिएत संघ" छापलंय?

खडूफळा:
हो. चीनची खुर्ची १९७१ला आमसभेच्या ठरावाने बीजिंगकडे गेली. रशियाचं तर डिसेंबर १९९१मध्ये अध्यक्ष येल्त्सिनच्या एका पत्रावर भागलं. सनदेतली नावं तशीच.

कोरडा_ढग:
शेजाऱ्याला चहा पाजतो. सोसायटीचं मात्र आत्ता लक्षात आलं. पाच जुन्यांविरुद्ध आम्ही नऊजण आहोत, पण जास्तीची जागा निघते दोनच गाड्यांची. त्या कुणाच्या, हे आमचंच ठरलेलं नाही. रविवारी मीटिंग आहे.

टपालपेटी:
शेंगा घेऊन जा.