मदत हवी आहे : पुण्यात बसून बडोद्याची १०८ कशी बोलवायची?

मंडळी, आत्या दांडिया बाजारात, सूरसागरच्या अलीकडे एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. वय ७९, गुडघे गेलेत, जिभेची धार तेवढी शाबूत. बडोदा सोडायचा विषय काढला की "इथून आता चौघांच्या खांद्यावरूनच" म्हणते. त्यामुळे 'पुण्याला घेऊन या' हा सल्ला कृपया नको.

मध्यंतरी ती मोरीत घसरली. फोन हाताशी होता, पण लावला मला. मी इथून १०८ फिरवला तर तो लागला महाराष्ट्राच्या कक्षात, आणि त्यांच्या गाड्या महाराष्ट्रातल्या! शेवटी खालच्या काकूंनी त्यांच्या मोबाइलवरून लावला, गाडी आली, आत्याला नेलं. नशिबाने हाड मोडलं नव्हतं.

आता काकू दिवाळीनंतर महिनाभर लेकीकडे जाताहेत. तेवढ्या काळात काही झालं तर मी इथून नेमकं काय करायचं? आत्याकडे बटणांचा साधा फोन आहे, सिम पुण्याचं. त्यावरून तिने १०८ लावला तर तोही इकडेच येईल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद : मांडवीकर
सिम कुठलंही असो, फोन ज्या टॉवरवरून जातो त्या राज्याच्या कक्षात लागतो. आत्यांचा गुजरातमध्येच लागेल, बॅलन्सही लागत नाही. गुजरातची १०८ २००७ पासून आहे आणि तिचा कक्ष अहमदाबादला, कठवाड्यात. म्हणजे फोन उचलणाऱ्याला दांडिया बाजारच्या गल्ल्या ठाऊक असतील हे धरून चालू नका. 'अमक्यांचा वाडा' वाड्यातल्यांना कळतो. गाडी जिथवर येते ती मोठी खूण आधी सांगायची, मग गल्ली, मग मजला. जिना अरुंद असेल तर तेही तेव्हाच सांगा, आपल्याकडच्या वाड्यांत वळणावर स्ट्रेचर अडतं. हे सगळं गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वरच भिंतीला चिकटवा. घाबरलं की माणूस स्वतःचा पत्ता विसरतो. आणि फोन झाल्यावर तो मोकळा ठेवायचा, गाडीवाले रस्ता विचारायला त्याच नंबरवर करतात. (आत्या लगेच तुम्हाला फोन लावणार, तेवढं आवरा.)

प्रतिसाद : उंबरठा
पुण्यातून करायचं तर बडोद्यातल्या कुणालाही फोन करा, वाड्यातलेच हवेत असं नाही. त्यांनी १०८ लावून तुम्हाला कॉन्फरन्सवर घ्यायचं. उलटं केलंत, तुम्ही त्यांना जोडून घेऊन १०८ लावलात, तर पुन्हा पुण्यातच लागेल. शिवाय बडोदा पोलिस कंट्रोल रूमचा ०२६५ने सुरू होणारा लँडलाइन नंबर सेव्ह करून ठेवा, तो कुठूनही लागतो.

बटणांच्या फोनबद्दल : १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ लागावा असा नियम आहे. आत्यांचा फोन त्याआधीचा असेल तर ही सोय धरू नका. आणि बघू लागतोय का म्हणून दाबू नका, खरोखर लागतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, कॉन्फरन्सचं डोक्यात आलंच नव्हतं. एक राहिलंच. आत्या रात्री आतून कडी घालते, वर अडसर. गाडी आली तरी दार कोण उघडणार?

प्रतिसाद : मांडवीकर
फोनवरच सांगायचं, दार आतून बंद आहे. जोडीला १०१, अग्निशमनवाले दार उघडून देतात, पण त्यात वेळ जातो. त्यापेक्षा दिवाळीला याल तेव्हा दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं लॅच बसवा आणि एक किल्ली समोरच्या दुकानदाराकडे ठेवा. अडसर मात्र आत्यांसमोर काढू नका, भांडण होईल.