वॉरिक: सत्तेचा हावरा की दुखावलेला मामेभाऊ?

गडकोट
इंग्लंडमधल्या गुलाबांच्या युद्धांचा, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांच्या गादीसाठीच्या भांडणाचा, विषय निघाला की वॉरिकचा अर्ल, म्हणजे रिचर्ड नेव्हिल (१४२८–१४७१), 'राजे बसवणारा-उठवणारा हावरा सरदार' म्हणून निकालात निघतो. मला हे पटत नाही. इंग्रजीत सगळेच 'कझिन', त्यामुळे नात्याची धग कळत नाही. आपल्या भाषेत मांडून बघा: राजा चौथा एडवर्ड हा वॉरिकचा सख्खा आतेभाऊ. आत्या सिसिली, तिचे यजमान यॉर्कचे ड्यूक. ३० डिसेंबर १४६० ला वेकफील्डला ड्यूक पडले आणि पाठोपाठ वॉरिकच्या वडिलांचं मुंडकं उडवलं गेलं. दोघे भाऊ एकदमच पोरके झाले. पुढच्या मार्चमध्ये टाउटनची लढाई जिंकून दोघांनी मिळून एडवर्डचं सिंहासन पक्कं केलं.

आणि १४६४ मध्ये? वॉरिक फ्रान्सच्या राजाच्या मेहुणीचं स्थळ एडवर्डसाठी जुळवतोय, आणि नवरदेव मे महिन्यातच एलिझाबेथ वुडव्हिल या दोन मुलांची आई असलेल्या विधवेशी गुपचूप लग्न करून बसलेले! सप्टेंबरपर्यंत कुणाला पत्ता नाही. मध्यस्थ असा तोंडघशी पडला. वर राणीच्या विशीतल्या भावाचं लग्न लागलं कुणाशी, तर वॉरिकच्या साठी उलटलेल्या विधवा आत्याशी, कॅथरीनशी. म्हातारीच्या इस्टेटीखेरीज त्या पोराला दुसरं काय दिसलं असेल?

बोरकाटा
असहमत. जमिनीसाठी लग्न हे वॉरिकनं कुणाला शिकवायचं? त्याचं स्वतःचं लग्न म्हणजे चक्क साटंलोटं. लहानपणीच त्याला बोशॅम घराण्यातली ॲन मिळाली आणि त्याची बहीण ॲनच्या भावाला दिली. तो मेव्हणा वारला, मग मेव्हण्याची चिमुरडी मुलगीही गेली, आणि १४४९ मध्ये सावत्र नणंदांना बाजूला सारून सगळं सख्ख्या बहिणीकडे, म्हणजे आपल्या नायकाकडे आलं. 'वॉरिक' ही पदवीच मुळी बायकोची. वुडव्हिलांनी केलं ते पाप आणि नेव्हिलांनी केलं ती रीत?

सासुरवाशीण
बोरकाटा, ज्यांना बाजूला सारलं त्या मेव्हण्याच्या सावत्र बहिणी ना? मग मुलीच्या त्या आत्या, नणंदा नव्हेत. नात्यांच्याच धाग्यावर तरी घोळ नको :)

भांडण तुम्ही दोघं आतेभावाचं मांडताय, पण त्याची किंमत मोजली कुणी ते पाहा. वॉरिकची थोरली लेक इझाबेल. राजाचा विरोध असताना जुलै १४६९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅलेला तिचं लग्न लावलं राजाच्याच धाकट्या भावाशी, क्लॅरेन्सशी. म्हणजे बापाच्या आतेभावाशी. नात्यानं काकाच की! पुढच्या वसंतात वॉरिकचं राजाविरुद्धचं बंड फसलं, तेव्हा दिवस भरलेल्या इझाबेलला जहाजावर घालून सगळे पळाले. कॅलेचा कारभारी वॉरिक स्वतः, पण त्याच्याच माणसांनी बंदरावरून तोफा डागल्या. पोर समुद्रातच बाळंत झाली, मूल गेलं. किल्ल्यातून आलं काय, तर दोन सुरया वाइन.

धाकटी ॲन. चौदा वर्षांची. जिच्याशी बापानं दहा वर्षं लढाई केली, त्या अंजूच्या मार्गारेटपुढे (लँकेस्टरच्या सहाव्या हेन्रीच्या राणीपुढे) तो जुलै १४७० मध्ये गुडघे टेकतो आणि तिच्या मुलाला ही लेक देतो. मे १४७१ मध्ये ट्यूक्सबरीला नवरा मारला गेला. पंधरा पुरी व्हायच्या आत विधवा. दुखावलेल्या मानाची किंमत अशी पोरींच्या खात्यातून?

गडकोट
नणंदांची चूक कबूल करायला बोरकाटा येतील न येतील. पण ताई, त्या काळात कुठल्या सरदारानं मुलीला विचारून लग्न लावलं? एकट्या वॉरिकलाच हा गज का लावायचा?
बरं, सख्ख्या भावाचं उदाहरण घ्या. जॉन नेव्हिल. वॉरिक उलटला तरी हा राजाशी इमान राखून होता. १४७० मध्ये राजानं त्याची नॉर्थम्बरलँडची जहागीर काढून जुन्या पर्सी घराण्याला दिली. मग तोही फिरला. दोन भाऊ, दोघांचेही स्वभाव वेगळे, आणि दोघेही तुटतात. दोष कुठे आहे?

बोरकाटा
नणंदा चुकल्या, मान्य. बाकी नाही. जॉनला बदल्यात मार्क्विसची पदवी दिली, त्याच्या मुलाला ड्यूक केलं आणि राजाच्या थोरल्या लेकीशी त्याची सोयरीक ठरवली. एडवर्डला मुलगा नव्हता तेव्हा. आणखी काय हवं होतं? आणि तो विशीतला नवरा विसरलात वाटतं. ऑगस्ट १४६९ मध्ये वॉरिकनं त्याचं आणि त्याच्या बापाचं डोकं उडवलं, खटलासुद्धा न चालवता. आत्या मात्र त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या.

गडकोट
ती शिरच्छेदाची गोष्ट मलाही झेपत नाही. तेवढ्यापुरता वकील मागे घेतो. पण १४ एप्रिल १४७१, एडवर्डविरुद्धची बार्नेटची लढाई. दाट धुकं. स्वतःच्याच बाजूच्या ऑक्सफर्डच्या अर्लच्या निशाणावरचा तारा एडवर्डचा सूर्य समजून वॉरिकच्या लोकांनी बाण सोडले, 'दगा, दगा' ओरडा झाला आणि फळी फुटली. दोघे भाऊ तिथेच पडले. निव्वळ हिशेबी माणूस हरणाऱ्या बाजूला भावाला घेऊन मरत नाही.

सासुरवाशीण
मेलेल्यांचं मिटलं हो. जिवंत राहिली ती बायको, जिच्या पदवीवर हे सगळं उभं होतं. ती ब्यूलीच्या मठात आसऱ्याला. धाकट्या ॲनचं दुसरं लग्न राजाच्या सर्वांत धाकट्या भावाशी, ग्लॉस्टरच्या रिचर्डशी झालं, आणि मग दोन्ही जावयांना सासूच्या जमिनीची घाई झाली. १४७४ मध्ये पार्लमेंटनं कायदाच केला: ही बाई मेली आहे असं समजून वाटणी करावी. बाई त्यानंतर अठरा वर्षं जगली. दोन्ही लेकी, दोन्ही जावई तिच्या आधी गेले.